सखूची चढण

त्या संध्याकाळी आम्ही नवराबायकोनं ओट्यावर बसून पावटे सोलले. दुसऱ्या दिवशी दुपारी ती देवाघरी गेली. मग महिनाभर मी घरामागच्या डोंगराकडे बघितलंच नाही. वर आमचं नाचणीचं शेत आहे, आणि एकट्यानं तिथं जायचं म्हटलं की मी पाठ फिरवून ओट्यावर बसायचो.

काल मान वळली. शेजारची सखू डोक्यावर शेणखताची पाटी घेऊन चढत होती. सरळ नाही हो! डावीकडं आडवी जायची, वळायची, मग उजवीकडं आडवी.

मी ओरडलो, "सखे, माथा लांब आहे गं!"

"माथा कोण बघतंय, आबा? पाय ठेवण्यापुरती जागा बघते. तुम्ही बसा ओट्यावर बघत, तुम्हाला काय काम!"

अरे, मी येडा! तिच्यावाचूनचं सगळं आयुष्य एका दमात चढायला बघत होतो. एवढा मोठा डोंगर, पण तोसुद्धा माणसाकडं एका वेळी एकच पाऊल मागतो. मला तर नाचावंसं वाटलं.

आज सकाळी खुरपं घेऊन निघालो. पहिल्या वळणावर टेकलो. खाली आमचं घर काडेपेटीएवढं दिसलं, तसा पोटभर रडलो, महिन्यात पहिल्यांदा. मग नाक पुसलं आणि उजवीकडं वळलो.