न मोजलेली दुखणी

माझी मुलगी आठ वर्षांची असताना तिचे टॉन्सिल काढायचे की नाही, हे माझ्या एका उत्तरावर ठरलं. बालाघाटच्या डॉक्टरांनी विचारलं, "वर्षभरात घसा किती वेळा सुजला?"

मी म्हटलं, "तीनदा." दवाखान्यात आम्ही तीनदाच गेलो होतो. बाकीच्या वेळी घसा सुजला की माझी आई "पडजीभ पडली" म्हणायची, पोरीचे टाळूवरचे केस बोटाला गुंडाळून कचकन वर ओढायची आणि चार दिवसांत ताप उतरायचा. ती दुखणी मी दुखण्यात धरलीच नाहीत. आमच्याकडे कोणीच धरत नाही.

"पापा, बहुत बार हुआ है," हिंदी शाळेत जाणारी मुलगी मधेच बोलली.

"तू चूप बस!" मी खेकसलो. खरं सांगतो, मला ऑपरेशन नकोच होतं.

डॉक्टर म्हणाले, मग इतक्यात काढायला नकोत. आई खूश झाली. "लेकराच्या गळ्याले सुरी काहून लावाची?" म्हणाली. मीही मान डोलावली.

पुढच्या वर्षी पोरीचे गुडघे सुजले. शाळेचा जिना चढताना तिला धाप लागू लागली. घशाच्या त्याच आजाराने हृदयाची झडप खराब केली, असं गोंदियाच्या डॉक्टरांनी सांगितलं. आता घसा पुन्हा सुजू नये म्हणून दर एकवीस दिवसांनी इंजेक्शन असतं. दिवस मोजून कॅलेंडरवर तारखेभोवती गोल ती स्वतःच काढते.

एकदा मी हात पुढे केला. "आण, मी मोजतो."

तिने पेन दिला नाही. "रहने दो पापा," ती म्हणाली, "मैं गिन लूँगी."