सी, सेन्योरा

मॅडमनी पर्समधून पिवळं फडकं काढलं आणि माझ्या हातात दिलं.

नवं कोरं होतं. दुकानातली घडीसुद्धा मोडली नव्हती. म्हणजे त्या दुकानात गेल्या तेव्हा माझी आठवण ठेवून त्यांनी ते घेतलं होतं. स्पॅनिशच्या वर्गात संवादाचा तास होता. हातात एखादी वस्तू असली की बोलायला जमतं, असं मॅडमचं म्हणणं. माझ्या बाकावरच्या हेतलला त्यांनी घडीचा नक्षीदार पंखा दिला. मला फडकं.

हेतल खुर्चीत बसली. पायावर पाय टाकून, पंखा हलवत. म्हणाली, "लिंपिया ला कोसीना." स्वयंपाकघर पूस.

"सी, सेन्योरा," मी म्हणाले. होय, बाईसाहेब.

"लिंपिया ला साला." आता दिवाणखाना.

"सी, सेन्योरा."

मी बाक पुसला. टेबल पुसलं. फळ्याखालची खडूची धूळ पुसली, जी संवादात नव्हतीच. वर्ग हसत होता. टिंगल नव्हती ती, कौतुक होतं. मागून कोणीतरी म्हणालं, "एकदम नॅचरल." मॅडमनी टाळी वाजवली, "व्हेरी गुड" म्हणाल्या. इतक्या महिन्यांत त्यांच्याकडून मला मिळालेलं ते पहिलं व्हेरी गुड. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. फक्त इथं तोंड दाबणारा हात पाठही थोपटत होता.

हे गेल्या वर्षीचं, सुरतेतल्या प्लेगला दोन-तीन वर्षं झाल्यावरचं. सुरत तेव्हा एकदम चकाचक झाली होती. जो तो ते अभिमानानं सांगायचा. झाडली कोणी, ते कोणी सांगायचं नाही. आम्ही उधन्याला, मराठी कामगारांच्या वस्तीत, चाळीत राहतो. बाबा धुळ्याकडून आलेले, लूमच्या कारखान्यात कारागीर. आई अठवा लाइन्सच्या पैसेवाल्या बिल्डिंगांत झाडूपोछा, भांडी करते. मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते आणि विद्यापीठात संध्याकाळी स्पॅनिशचा कोर्स निघाला होता. सुरतेचं कापड आता दक्षिण अमेरिकेत जाणार, तिकडची पत्रं लिहायला माणसं लागणार, असं व्यापाऱ्यांत बोललं जात होतं. मला ती पत्रं लिहायची होती. आईच्या हातातला झाडू सुटावा, एवढीच माझी उडी.

आणखी एक कारण होतं. ते मी घरी सांगितलं नव्हतं. मी मराठी बोलले की चार वाक्यांत माझं गाव, मोहल्ला, सगळं कळायचं. गुजराती बोलले की समोरचा हसू दाबायचा. इंग्रजीत कॉन्व्हेंटच्या मुली मैलभर पुढे. स्पॅनिश मात्र कोणाच्याच बापजाद्यांनी ऐकली नव्हती. सगळे शून्यावर. मला वाटलं, एक तरी भाषा सापडली जिच्यात आपल्याला कोणी ओळखत नाही.

खुळी होते.

पहिल्याच आठवड्यात ओळखीचा धडा आला. नाव काय, कुठं राहता, वडील काय करतात, आई काय करते. मी सगळं खरं सांगितलं, कारण खरं सांगायला सोपं होतं. आई लोकांच्या घरी काम करते, हेही सांगितलं. मॅडमनी स्पॅनिश सोडून हिंदीत विचारलं, "उधना में? मतलब मराठी? कौन से मराठी?"

"बौद्ध," मी म्हणाले.

"अच्छा, अच्छा." आणि त्या लगेच पुढच्या मुलाकडे वळल्या. सुरतेत अच्छा दोनदा आलं की आपण समजून घ्यायचं असतं. हेतलची पाण्याची बाटली आमच्या बाकावर सगळ्यांत फिरायची. त्या दिवसापासून ती माझ्यापर्यंत येता येता रिकामी व्हायला लागली. कोणी मला काही बोललं नाही. बोलले असते तर भांडता तरी आलं असतं.

मग घराचा धडा. पुस्तकात चित्र होतं. घर मधोमध चिरलेलं, आतल्या सगळ्या खोल्या दिसतात. साला, कोसीना, झोपायच्या खोल्या, न्हाणीघर, बाग. प्रत्येकानं उभं राहून आपलं घर सांगायचं. हेतलचं घर सांगून संपेना. तिच्या घरातल्या देवाला वेगळी खोली होती. माझी पाळी आली. "मी कासा तिएने उना आबितासिओन," मी म्हणाले. माझ्या घरात एक खोली आहे.

मॅडम थांबल्या. "और?"

और काही नव्हतं. कोसीना? त्यातच. झोपायची खोली? तीच. न्हाणीघर? बाहेर, सगळ्या चाळीचं मिळून. ते 'मिळून' कसं म्हणायचं ते मला माहीत नव्हतं, आणि पुस्तकालाही माहीत नव्हतं. मी जोरात बोलत होते, कारण आमच्या घरी सगळेच जोरात बोलतात. लूमच्या खडखडाटात वर्षं गेल्यानं बाबांना हळू बोललेलं ऐकूच येत नाही. मॅडम म्हणाल्या, "धीरे बोलो, यहाँ लूम नहीं चल रहा." वर्ग हसला. मग त्यांनी थोडा विचार केला. त्या खरोखर माझ्या भल्याचाच विचार करत होत्या, हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं.

"ऐसा करो, तू हेतल के घर की कामवाली बन जा. सब कमरों के नाम आ जाएँगे. तेरे लिए तो आसान रहेगा."

असं ते फडकं आलं. त्यानंतर दर आठवड्याला आलं. हेतलची आणि माझी जोडी ठरून गेली. ती हुकूम देणार, मी पुसणार. हेतलला सगळे हुकूम आले. मला सगळ्या खोल्या आल्या, पण वाक्य एकच आलं. कॅन्टीनमध्ये मुलं मला बघून म्हणायची, "सी, सेन्योरा." नावानं हाक मारायचं हळूहळू बंदच झालं. हेतल मनानं वाईट नव्हती. एकदा तिनं सांगितलं की पप्पांच्या ऑफिसात स्पॅनिश पत्रांसाठी मुलगी हवी आहे, परीक्षा झाली की मॅडमची शिफारशीची चिठ्ठी घेऊन ये. झालं. त्या चिठ्ठीसाठी मी पुसत राहिले. दमून जायचे. घर पुसून आई जेवढी दमायची त्यापेक्षा जास्त, आणि आईचं दमणं निदान दिसायचं.

तोंडी परीक्षेला बाहेरगावाहून परीक्षक येणार होते. जोडीजोडीनं संवाद करायचा होता. मॅडमनी आमचाच संवाद पहिला ठेवला, वर्गातला सगळ्यात चांगला म्हणून.

त्या आधीच्या रविवारी मी दारात बसून पाठ करत होते. आई तांदूळ निवडत होती. तिनं विचारलं, हे काय सारखं सी सी म्हणतेस. मी सांगितलं. सगळंच सांगितलं, फडक्यासकट. मला वाटलं, ती हसेल. आई एरवी माझ्या स्पॅनिशला खूप हसायची, पोपट म्हणायची. ती हसली नाही. सूप खाली ठेवलं तिनं.

"मी झाडू मारस तं माले पगार भेटस," आई म्हणाली. "तू फी भरीसन झाडू मारस. तुले काय भेटस?"

मला फक्त ती चिठ्ठी आठवली. आईनं पुन्हा सूप घेतलं. खडे काढत राहिली. भिंतीवर बुद्धाच्या शेजारी निळ्या कोटातला तो फोटो होता, आमच्यातल्या प्रत्येक घरी असतो तो. माझी शाळा, कॉलेज, सगळं त्या फोटोमुळं. मला त्याच्याकडे बघवेना. लाज वाटली, आणि लाजेच्या मागोमाग राग आला. इतके महिने कुठं होता हा राग, कोण जाणे.

परीक्षेच्या दिवशी परीक्षक समोर बसले होते. पिकलेले केस, जाड चष्मा. शेजारी मॅडम. बाकी वर्ग भिंतीला लागून. मॅडमनी पंखा हेतलला दिला, फडकं मला.

"लिंपिया ला कोसीना," हेतल म्हणाली.

मी फडक्याची घडी घातली आणि ते टेबलावर ठेवलं.

"नो," मी म्हणाले. "यो सोय एस्तुदियान्ते." मी विद्यार्थिनी आहे.

हेतलला वाटलं, मी विसरले. तिनं हुकूम परत दिला. मी तिच्याकडे पाहिलं नाही. परीक्षकांकडे बघून बोलले, घरच्यासारखं, जोरात. माझ्या घरात एक खोली आहे. त्यात आम्ही सहाजण राहतो. माझे वडील कापड विणतात. माझी आई दुसऱ्यांची घरं साफ करते. मी करत नाही. मी शिकते. वाक्यं लहान लहान, कारण मला मोठी येतच नव्हती. आवाज मात्र खाली आला नाही.

परीक्षकांनी काहीतरी विचारायला मान वर केली. तेवढ्यात मॅडम इंग्रजीत म्हणाल्या की ही घाबरली आहे, संवाद विसरली. परीक्षकांनी मॅडमकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि कागदावर काहीतरी लिहिलं. संपलं. कोणी सिनेमातल्यासारख्या टाळ्या वाजवल्या नाहीत. मी पास झाले, जेमतेम.

बाहेर हेतल रडत होती. "तें मारा मार्क्स बगाड्या," म्हणाली. माझे मार्क्स घालवलेस. तिचं रडणं खरं होतं. तिच्या घरी तिला हो म्हणणारी बाई लहानपणापासून होती. या संवादात कोणाला काही टोचेल, हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. मला तिची कीव आली नाही.

मॅडम मागून आल्या. दुखावल्या होत्या. म्हणाल्या, "तुम्हारे भले के लिए ही वो रोल दिया था."

"एक बार हेतल को दे देते, मॅडम," मी म्हणाले.

त्या पर्स सावरून निघाल्या. चिठ्ठीचा विषय त्यांनी काढला नाही, मीही काढला नाही. हेतलच्या पप्पांच्या ऑफिसात दुसरी मुलगी लागली. मी आता सुरतेबाहेर सचिन नावाच्या गावी एका कापड कारखान्यात जाते. गाठींवर चिठ्ठ्या चिकटवते, सकाळी शटल रिक्षात दाटीवाटीनं बसून जाते, संध्याकाळी तशीच येते. आईची घरं सुटलेली नाहीत. थकवा आहे, खूप आहे. तो कोणी घालवला नाही आणि घालवणारही नाही.

पण स्पॅनिशच्या दुसऱ्या वर्षाला मी नाव घातलं आहे. खोली तीच, मॅडम त्याच, हेतलसुद्धा आहे. घराचा धडा पुन्हा येईल, मोठ्या वाक्यांचा. मी माझी खोली सांगेन. बाहेरचं न्हाणीघर सांगेन, सगळ्यांचं मिळून कसं म्हणतात ते शोधून ठेवलं आहे. भिंतीवरचा फोटो सांगेन, आणि जोरात सांगेन. बाईसाहेब मला कोणाचीच व्हायचं नाही. आणि पर्समधून पुन्हा फडकं निघालं, तर ते टेबलावरच पडून राहील. ज्याला लागत असेल त्यानं उचलावं. मी उचलणार नाही.