हातातलं पायताण

"चपला काढा जी! आधी चपला काढा!"

दवनीवाड्याच्या शेतातून कौसल्याकाकू, म्हणजे माझ्या मित्राची, विलासची आई, अशा ओरडल्या की पार राज्याच्या सीमेपलीकडच्या बालाघाटातले बगळे उडाले. मी पायांकडे पाहिलं. अनवाणी, घोट्यापर्यंत चिखल.

"पायातल्या नाई, हातातल्या!"

घोळ माझाच होता. पुण्यात सात महिने जर्मनचा वर्ग केलाय. तेवढ्या भांडवलावर मी अर्धा युरोप बोलण्यात विकतो. सकाळी गोंदियाहून पोचताच रोवणीला (भाताच्या लावणीला) निघालेल्या आठ बायांची चहावर शिकवणी घेतली. बॅगेतून रबरी हातमोजे काढले (इथली जळू मांजराएवढी असते, असं मला नागपुरात कळलं होतं) आणि सांगितलं, "जर्मन लोक याला 'हांटशू' म्हणतात. हांट म्हणजे हात, शू म्हणजे जोडा. हाताचा जोडा! शिवताना घालायचं अंगुस्तान म्हणजे 'फिंगरहूट', बोटाची टोपी. फ्रिज म्हणजे थंड कपाट! नवी वस्तू दिसली की दोन जुने शब्द धरायचे आणि एका पेंडीत बांधायचे. झालं!"

"मंग जोड्याले का म्हनतेत?" काकूंनी विचारलं.

"नुसतं शू."

"हं."

तलावाचं पाणी काकूंच्या बांधीत (भातखाचरात) संध्याकाळपर्यंतच येणार होतं. मग पाट शेजाऱ्याकडे वळणार. आणि नेमकी नववी बाई तापाने घरी. "मी आहे ना!" म्हणत मी उतरलो. रोवणीच्या बांधीत पायताण न्यायचं नाही, हा काकूंचा दंडक मला ठाऊक नव्हता.

"काकू, मराठीत हे मोजे आहेत!" मी देश बदलून पाहिला.

"सकाळी तुमीच जोडे म्हनलं ना? आठ जनींनी आयकलं. काढा लवकर, पानी चाललं!"

काढले. मग मात्र मी असा सुटलो की यंत्राने लाजावं. दोघी बाया सारख्या माझ्या ओळींवर वाकत होत्या. मला वाटलं, बघून शिकताहेत. पाट वळला तेव्हा बांधी हिरवी झाली होती.

हाताला जोडा घालणाऱ्या जर्मनांना मी सात महिने हसलो. आपण हाताला मोजा घालतो, हे दुसऱ्या दिवशी परतीच्या बसची वाट पाहताना लक्षात आलं. तेवढी नम्रता अंगी आणून सोडायला आलेल्या काकूंना विचारलं, "मी नसतो तर रोवणी अडलीच असती ना?"

"तुमचं रोवलेलं तरंगून राहिलं होतं," काकू म्हणाल्या. "आमी परत रोवलं."