मिरीचं पाणी

मुलुंडच्या हॉस्पिटलात आई माझ्या हातची पेज तोंडाला लावत नव्हती. शेजारच्या खाटेवरच्या आजींची सून मात्र सासूला पाजून झालं की थर्मासमधलं उरलेलं सार झाकणात ओतायची, फुंकर घालून आईला द्यायची, आणि आई ते मुकाट्याने प्यायची. मी आतल्या आत जळायचे.

"हे तर हॉटेलातलं मलिगटॉनी सूप," एकदा मी नाक मुरडलंच.

"सूप इंग्रज साहेबांनी केलं हो, ताई," ती हसली. "आमच्या तमिळमध्ये मिळगु म्हणजे मिरी, तण्णी म्हणजे पाणी. बस्स."

घरी आल्यावर मी मिरी कुटून तेच केलं. आईने एक घोट घेतला आणि वाटी खाली ठेवली.

"सुपाच्या नावाचा अर्थ ऐकून घेतलास," ती म्हणाली. "तिचं नाव विचारलंस का गं?"