साहेबाच्या थडग्यावरचा अर्ज

आमच्याकडं नळाला पाणी आलं नाही तर लोक नगरपालिकेत जात नाहीत. साहेबाच्या थडग्यावर अर्ज ठेवतात आणि वर दगड.

साहेब गोरा. विलायतेहून कापूस घ्यायला आला आणि इथंच जिनिंगचा कारखाना काढून बसला. माझा आजा तिथं हमाल होता. तो सांगायचा, साहेबाला मराठीतल्या आधी शिव्या आल्या, मग भाव करता आला, मग तो नगरपालिकेच्या निवडणुकीला उभा राहिला. बैलगाडीत उभं राहून एकच भाषण ठोकायचा, "मत द्या, पानी देतो. न्हाई दिलं तर जोड्यानं मारा." निवडून आला आणि खरंच नळ आणला. असला पुढारी पुन्हा झाला नाही. म्हणून तो मेला तरी लोकांनी त्याला खुर्चीवरनं उतरवलं नाही.

माझी बायको दर उन्हाळ्यात अर्ज द्यायची. लिहायचा मी, चौथी पास. अंगठा तिचा. शेवटचा अर्ज तिनं खाटेवर पडून सांगितला. "माझ्यामागं ह्यांना हंडा उचलवायचा न्हाई. नळ उंबऱ्यापत्तर द्यावा." दुसऱ्या दिवशी विचारलं, "अवं, ठेवला का?" म्हटलं, ठेवला. ठेवला नव्हता. ठेवला असता तर ती चालली हे मीच कबूल केल्यासारखं झालं असतं. ती गेलीच. तीन महिने ते खोटं छातीवर बसलं होतं, म्हणून परवा कागद घेऊन निघालो.

बघतो तर तिथं पत्र्याची शेड. निवडणूक आलीय, त्यामुळं एका उमेदवारानं थडग्याला रंग दिलेला, भोवती जाळी, जाळीला कुलूप. बाहेर टेबल, त्यावर आवकचा शिक्का आणि मागं पालिकेतनं रिटायर झालेला कारकून.

त्यानं कागद वाचला. "अर्जदार कुठंय?"

"वारली."

"मग चालत न्हाई बाबा. अर्जदार हयात पायजे."

"आन साहेब हाय का हयात?"

"साहेबाचं येगळं. ते पदावर हायेत."

मागं रांगेतली बाई म्हणाली, "घ्या की भाऊसाहेब. मेलेल्याचं मेलेल्याला लवकर कळंल."

"मृत्यूचा दाखला जोडा. वारस म्हणून सही करा. तीन प्रती."

माझं टाळकं सरकलं. जाळीला पाठ लावून खालीच बसलो. "ह्यो कागद आत गेल्याबिगर हलनार न्हाई. उचलून न्या."

रांग ओरडायला लागली तसा कारकून नरमला. शिक्का मारला, नंबर टाकला आणि ठेवून घ्यायला कागद ओढला. मी सोडेना. कागदावर तिचा अंगठा होता, शाई फाकलेली. घरात तिचा धड एक फोटोही नाही.

"बाबा, द्यायचाय का न्हाई?"

"न्हाई."

कागद काढून घेतला आणि जाळीला तोंड लावून मोठ्यानं बोललो, "साहेब, आमच्या मंडळीनं नळ उंबऱ्यापत्तर मागितलाय. तिकडं भेटली तर अर्ज पोचला म्हना."

कारकून म्हणाला, "तोंडी अर्जाची नोंद हुत न्हाई."

"नका करू."

त्यानं माझा नंबर रांगेतल्या त्या बाईच्या अर्जाला देऊन टाकला. मी कागद उघडाच हातात धरून घरी आलो. घडी घातली असती तर ती अंगठ्यावरून गेली असती.