संशय ताऱ्यावर शेवटी

वेधशाळेत तिला सगळे शंकासूर म्हणत, आणि तिला ते मनापासून आवडे. मेलेल्या ताऱ्यांचे गाभे स्वतःभोवती गरगरतात आणि दर फेरीला रेडिओ लहरींचा एक ठोका पाठवतात. ते ठोके तपासणं हे तिचं काम. असा तारा वर्षानुवर्षं एका चालीत फिरतो आणि मध्येच, कुणाला न सांगता, किंचित वेग घेतो. ही उडी खरी की नुसता गोंगाट, हे ती गणिताने ठरवी. एकदा धरायचं की चाल बदललीच नाही, एकदा धरायचं की बदलली, आणि ठोके कुणाच्या बाजूने साक्ष देतात ते पाहायचं. एकोणीस-वीसचा फरक असेल तर सोडून द्यायचं. तिथला शिरस्ताच होता: आधी संशय घड्याळावर, मग यंत्रावर, मग स्वतःवर. ताऱ्यावर अगदी शेवटी.

घरी वडील अंथरुणाला खिळलेले. वाचा गेली, ओळख गेली. उरलं ते पलंगाच्या लाकडी कडेवर बोटाने टकटक करणं. धाकटा भाऊ म्हणे, "ताई, त्यांना काही कळत नाही गं. शुश्रूषागृहात ठेवू या. किती जीव आटवशील?"

त्यांना कळतं, एवढाच पुरावा तिला हवा होता. तिने पलंगाला छोटासा माइक चिकटवला आणि ती टकटक ऑफिसातल्या आपल्या संगणकावर आणली.

उडी सापडली. ती घरी जायला खुर्चीवरून उठे, नेमकी त्याच क्षणी. शंकासूरच ती, घड्याळ तपासलं, माइक बदलला. कधी कुणाला न सांगता भरदुपारीच निघाली. ती उठली की तिकडे, शहराच्या दुसऱ्या टोकाला, बोट घाई करी. भावाला दाखवलं तेव्हा तो हसला नाही. "राहू देत इथेच," एवढंच म्हणाला, आणि त्या खोलीत एकटा जाईनासा झाला.

एका दुपारी त्याचा फोन आला. "ताई, बाबा गेले. सकाळीच. तुला सांगायचा धीर होईना. गाडीवाले आत्ताच त्यांना घेऊन गेले."

तिचे डोळे भरून आले. सवयीने तिने पडद्याकडे पाहिलं. टकटक चालूच होती, संथ, एका चालीत.

"पलंगावर कोण बसलंय?" तिने विचारलं.

"कुणी नाही. मी खोलीला बाहेरून कडी घातलीये." त्याचा आवाज खाली गेला. "तू ये ना लवकर."

तिने घड्याळ पाहिलं. बरोबर होतं. यंत्रही बरोबर. मग स्वतःचे हात पाहिले. दोन्ही टेबलावरच होते. आयुष्यात पहिल्यांदा तिला घरी जायची भीती वाटली. बाबांना ताटकळत ठेवायची त्याहून जास्त वाटली.

ती उठली. टकटक घाई करू लागली.