कापसाच्या गंजीवरून

पुलगावच्या ज्या कापसाच्या जिनिंग कारखान्यात मी पन्नासच्या दशकात कारकून होतो, तिथल्या फाटकावर एक माजी फौजी राखणीला बसायचा. उजवा पाय दोनदा मोडलेला, तरी सायकलवर असताना उतार लागला की गुडघे दुमडून, कोपरं पोटाशी घेऊन हँडलवर आडवाच व्हायचा. ब्रेक म्हणून लावायचा नाही.

फौजेत असताना काश्मीरला तो पायांना लांब फळ्या बांधून बर्फाच्या डोंगरावरून शर्यतीत सुसाट उतरायचा. स्कीइंग म्हणतात त्याला.

"किती जिंकल्या?" मी एकदा विचारलं.

"एकबी नाई, बाबूजी. खाली पोचलो का सारे घड्याळ पाहेत. मी मांगं वळून डोंगर पाहो. येवढ्या दुरून आलो आपुन!"

त्या हंगामात अंगणातली कापसाची गंजी छपराएवढी चढली. एका दुपारच्या सुट्टीत पाहतो, तर हा गडी गंजीच्या टोकावर उभा. पायांना खोक्याच्या फळ्या बांधलेल्या.

"काऊन जी, आखीन पाय मोडाचा हाय का? उतरा खाली!" कामावरच्या बाया ओरडल्या.

तो उतरलाच. गुडघे दुमडले, अंग झोकून दिलं. पण कापूस म्हणजे काही बर्फ नव्हे. फळ्या रुतल्या आणि तो तोंडावर आपटला. बाया खो खो हसल्या. मीही हसलो.

तो उठला, मिशाभुवयांसकट पांढरा. आम्हा कोणाकडे न बघता मागे वळला आणि गंजीवर उमटलेली आपली दोन हात लांब रेघ डोळे भरून पाहत राहिला. सुट्टी संपल्याचा भोंगा झाला, तरी त्याला हाक मारायचं धाडस मला झालं नाही.